अभ्यासिका रात्रभर उघडी ठेवावी का? (झोप, आठवण आणि बुझाकींचं संशोधन)

वावरातला_वाचक
नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत पोरांची अभ्यासिका चालते. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी, दोन-तीन पोरी नीटवाल्या. आता पोरांनी अर्ज दिलाय की परीक्षा होईपर्यंत ती रात्रभर उघडी ठेवा. रविवारी मीटिंग आहे, मी समितीत आहे आणि माझं मत विरोधात आहे. का ते सांगतो, मग तुम्ही बोला.

मी सध्या ग्यॉर्गी बुझाकी या मेंदूशास्त्रज्ञाचं काम वाचतोय. माणूस मूळचा हंगेरीचा, आता न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत, सगळं आयुष्य मेंदूच्या लयींवर घातलंय त्यांनी. १९८९ साली त्यांनी मांडलं की आठवण दोन टप्प्यांत तयार होते. उंदीर हिंडत असतो, हुंगत असतो तेव्हा त्याच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूतला आठवण बनवणारा भाग) थीटा नावाची लय चालू असते, सेकंदाला साधारण ६ ते १० वेळा, तेव्हा माहिती आत येते पण कच्ची राहते. मग तो थांबला, खायला लागला, अंग चाटायला लागला किंवा गाढ झोपला की लयच बदलते, हजारो पेशी एकदम पेटतात आणि सेकंदाला १४० ते २०० च्या वेगाने थरथरणारी एक बारीक लहर उठते, ती सेकंदाच्या दहाव्या भागाइतका वेळ टिकते आणि जाते. शार्प वेव्ह रिपल म्हणतात तिला. त्या लहरीत दिवसा पेशी ज्या क्रमाने चालल्या होत्या तोच क्रम कितीतरी पट वेगाने पुन्हा चालतो आणि कच्चं ते पक्कं होत जातं.

म्हणजे पाठांतराचं अर्धं काम पुस्तक मिटल्यावर होतं. आपल्याकडे पुस्तक मिटलं की पोरगा आळशी ठरतो. रात्रभर ट्यूबलाईट चालू ठेवून आपण पोरांचं भलं करतोय की त्यांनी दिवसभर वाचलेलंच पुसतोय? आणि दुसरं म्हणजे, दिवसभरात इतकं काय काय होतं, त्यातलं ठेवायचं काय हे मेंदू ठरवतो कसं?

एरंडोलकर
जिभाऊ, थांबण्या-झोपण्याने आठवण पक्की होत असती तर आमच्या पारावर दुपारी आडवे होणारे सगळे आतापर्यंत कलेक्टर झाले असते 😄

वावरातला_वाचक
😄 आधी वाचलेलं पाहिजे ना भो. झोपेत पुन्हा चालवायला आत काहीतरी गेलेलं असलं पाहिजे.

पोऱ्या_भरतीवाला
भाऊ तुमनं बठ्ठं खरं शे पन आमना घर एकच खोली, टीव्ही चालू, धाकला पोरे रडतस. दिवसले वावरमा काम ऱ्हास. मंग अभ्यास कवय करवा?

मराठीत सांगतो सगळ्यांना कळायला. मी सकाळी ८ ते संध्याकाळी ६ जिनिंगला जातो. घरी येऊन जेवून अभ्यासिकेत पोचेपर्यंत ८ वाजतात. तुम्ही १० ला कुलूप लावलं तर मला दोन तास मिळतात. ज्याच्या बापाने जळगावला खोली करून दिलीये तो दिवसभर वाचतो आणि रात्री निवांत झोपतो, त्याच्याशी माझी स्पर्धा आहे. उंदरांना जिनिंगला जावं लागत नाही.

मास्तर_अमळनेर
वरच्या पोराचं म्हणणं नीट वाचा सगळ्यांनी. मी शाळेवर शिकवतो, माझ्या वर्गात रब्बीच्या दिवसांत पोरं पहिल्या तासाला पेंगतात, कारण विचारलं तर रात्रीची लाईन होती, बापासोबत गव्हाला पाणी भरत होतो. आठवडाभर दिवसाची लाईन, आठवडाभर रात्रीची. त्या पोराला मी झोपेचं महत्त्व सांगून काय उपयोग, त्याची झोप त्याच्या हातात नाहीये. पण एक मात्र पाहिलंय, असा पोरगा वर्गात समोर बसलेला असतो, डोळे उघडे असतात, फळ्यावरचं उतरवतोही, आणि दुसऱ्या दिवशी विचारलं तर त्याला ते शिकवल्याचंच आठवत नाही. विसरला म्हणावं तर आत गेलंच नव्हतं असं वाटतं. यावर काही संशोधन आहे का?

न्यूरोवाली
आहे मास्तर, आणि तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. (मी धुळ्याची, सध्या पीएचडी करतेय याच विषयात, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही.) २००७ मध्ये सेउंग-शिक यू, मॅथ्यू वॉकर वगैरेंनी तरुण माणसांना एक रात्र जागं ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना चित्रं दाखवली, मेंदूचं स्कॅनिंग चालू असताना. पुढे दोन रात्री झोप मिळाल्यावर चाचणी घेतली तरी त्यांना चित्रं कमी ओळखता आली, आणि चित्रं बघतानाच त्यांचा हिप्पोकॅम्पस झोपलेल्या लोकांपेक्षा मंद चालला होता. म्हणजे जागरणाचा तोटा दुहेरी आहे. कालचं पक्कं होत नाही आणि आजचं आत शिरत नाही.

आता मूळ पोस्टबद्दल. वाचकदादांनी बुझाकींचं म्हणणं छान मांडलंय पण १९८९ ला ती एक कल्पना होती. झोपेत खरंच दिवसाचं पुन्हा चालतं हे १९९४ मध्ये विल्सन आणि मॅकनॉटन यांनी उंदरांच्या जागा ओळखणाऱ्या पेशींवरून दाखवलं. या पेशी जॉन ओकीफ यांना १९७१ मध्ये सापडल्या, एक पेशी खोलीच्या एका कोपऱ्यात पेटते, दुसरी दुसऱ्या, आणि त्याबद्दल २०१४ चं नोबेल त्यांना मोझर दांपत्यासोबत मिळालं. जागेपणी रस्त्यात ज्या पेशी एकत्र पेटल्या त्याच नंतरच्या झोपेत एकत्र पेटत होत्या.

तरीही प्रश्न उरतोच की हे नुसतं बरोबर घडतंय की याच्यामुळे आठवण होतेय. त्याचं उत्तर २००९ ला आलं, पॅरिसमध्ये, गिरार्दो, झुगारो आणि बुझाकींच्या प्रयोगात. आठ वाटांचा चक्रव्यूह, त्यातल्या ठरावीक तीन वाटांवर खाऊ. रोज सराव झाला की उंदीर झोपायचे, आणि झोपेत लहर उठली रे उठली की बारीक विजेचा धक्का देऊन ती मोडायची. दुसऱ्या गटाला तितकेच धक्के, पण थोडे उशिरा, लहर संपल्यावर. झोप दोघांचीही तेवढीच. ज्यांची लहर मोडली ते वाटा शिकण्यात मागे पडले. मला हा प्रयोग फार आवडतो कारण झोप काढून घेतली नाही, धक्क्याचा त्रास दोघांना सारखा, फरक फक्त त्या सेकंदाच्या तुकड्यांचा.

तापीकाठ
न्यूरोवाली ताई, सगळं मान्य, पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. उंदराला तीन वाटा लक्षात ठेवायच्यात, आपल्या पोरांना पंचायत राजची कलमं. मला हे वरून लादलेलं विज्ञान वाटतं. आमच्या पिढीने कंदिलाखाली रात्र रात्र जागून अभ्यास केला आणि पास झालो.

न्यूरोवाली
तापीकाठ काका, शंका रास्त आहे. माणसात विनाकारण इलेक्ट्रोड घालता येत नाहीत, पण अपस्माराच्या काही रुग्णांच्या मेंदूत फिट कुठून सुरू होते ते शोधायला डॉक्टर घालतात, आणि तेव्हा रुग्णाच्या संमतीने असा अभ्यास होतो. २०१९ मध्ये अशाच रुग्णांना चित्रं दाखवून नंतर "आठवतील ती सांगा" म्हटलं. चित्राचं नाव तोंडातून यायच्या एक-दोन सेकंद आधी हिप्पोकॅम्पसमध्ये या लहरी वाढत होत्या. म्हणजे लहर आपल्यातही आहे आणि आठवण्याशी तिचा संबंध आहे. कलमं आणि वाटा एकाच पद्धतीने साठतात असं मी म्हणणार नाही. पण हिप्पोकॅम्पस नसेल तर दोन्ही साठत नाहीत, हे १९५३ पासून माहीत आहे.

सातपुड्याची_सावली
१९५३ म्हणजे एच. एम. ची केस ना? हेन्री मोलेसन. २७ वर्षांचा पोरगा, अपस्मार थांबावा म्हणून दोन्ही बाजूंचा तो भाग शस्त्रक्रियेने काढला आणि फिट कमी झाल्या पण नवीन आठवण बनणंच थांबलं. ब्रेंडा मिलनर त्याला तपासायच्या, दरवेळी तो नव्याने ओळख करून घ्यायचा. पण आरशात बघून चांदणी गिरवायचं काम दिलं तर दिवसेंदिवस हात सुधारत गेला, आणि आपण हे आधी केलंय हे त्याला माहीतच नसायचं. २००८ ला वारला तो. मला वाचून पोटात कालवलं होतं. आयुष्यभर एका माणसाने असं राहायचं आणि त्याच्यामुळे साऱ्या जगाला आठवण कुठे बनते ते कळायचं.

पाटलीनबाई_यावल
सावलीताई, आमच्या सासऱ्यांचं असंच काहीसं होतंय. केळीचा भाव सकाळी विचारतात, सांगितला की दहा मिनिटांनी परत विचारतात. पण १९७२ च्या दुष्काळात कोणत्या खडी सेंटरवर कोण कोण होतं ते नावानिशी सांगतात. विषय सोडून आहे, माफ करा, पण हे त्या लहरींचंच काही आहे का?

डॉक्टरभाऊ_साक्री
ताई, विषय सोडून अजिबात नाही. जुन्या आठवणी काळानुसार हिप्पोकॅम्पसवर कमी आणि मेंदूच्या बाहेरच्या थरावर जास्त अवलंबून राहतात असं मानलं जातं, म्हणून नवं आधी जातं आणि जुनं टिकतं. पण तुम्ही लहरींचा विचार नंतर करा, आधी त्यांना दाखवा. बी-१२ ची कमतरता, थायरॉईड, उतारवयातलं नैराश्य, झोपेच्या गोळ्या, कमी ऐकू येणं, यातल्या कशानेही असं दिसू शकतं आणि यावर इलाज असतो. बी-१२ तर आवर्जून बघा, शुद्ध शाकाहारी घरांत ते कमी निघतंच. अल्झायमरच निघाला तरी लवकर कळलेलं बरं. "म्हातारपण आहे, चालायचंच" म्हणून सोडू नका.

पाटलीनबाई_यावल
याच आठवड्यात नेते डॉक्टरभाऊ. मनापासून आभार.

एरंडोलकर
मी मघाशी गंमत केली पण हे वाचून खरंच विचारतो, मला बाकी काही आठवत नाही पण कापसाच्या काड्यांवर वांगं भाजल्याचा वास आला की थंडीतली शेतातली भरीत पार्टी, कोण कुठे बसलं होतं, कोणाची भाकरी करपली होती, सगळं उभं राहतं. वासाने एवढं का आठवतं?

सातपुड्याची_सावली
कळण्याची भाकरी, वरून हिरव्या मिरचीचा ठेचा. आज रात्री झोप येणार नाही आता 😋

न्यूरोवाली
वासाची वाट इतर इंद्रियांपेक्षा आखूड आहे. डोळ्याकानाचं आधी थॅलॅमस नावाच्या ठाण्यावरून जातं, वास तसा जात नाही, तो थेट भावना आणि आठवणीच्या भागांच्या शेजारी उतरतो. आणि याचा झोपेशी जोडलेला एक सुंदर प्रयोग आहे. २००७, जर्मनी, ब्योर्न राश आणि यान बॉर्न. लोकांना पत्त्यांच्या जोड्या कुठे आहेत ते लक्षात ठेवायला दिलं, खोलीत गुलाबाचा वास सोडून. मग गाढ झोपेत त्यांना तोच वास परत दिला. सकाळी त्यांना जागा जास्त आठवल्या. झोपेत नवीन काही शिकवलेलं नाही हं, आधी शिकलेलंच आतून पुन्हा जागवलं.

तापीकाठ
हा गुलाबाचा प्रयोग मला पटला. माणसांवरचा आहे. पण मग वाचकभाऊंच्या दुसऱ्या प्रश्नाचं काय, मेंदू निवडतो कसं? वास काही रोज कोणी सोडत नाही.

न्यूरोवाली
तेच लिहायला बसले होते. २०२४ च्या मार्चमध्ये बुझाकींच्या गटाचा पेपर आला सायन्स या नियतकालिकात, नेमका याच प्रश्नावर. उंदीर चक्रव्यूहात फेऱ्या मारतो, फेरी पूर्ण झाली की खाऊ मिळतो, खाताना थोडा थांबतो. सगळ्या फेऱ्या वरून सारख्याच दिसतात. पण शेकडो पेशींची नोंद एकाच वेळी घेतली तर प्रत्येक फेरीची खूण थोडी वेगळी निघते. मग दिसलं की ज्या फेऱ्यांनंतर त्या थांबण्यात लहरी उठल्या, त्याच फेऱ्या नंतरच्या झोपेत पुन्हा पुन्हा चालवल्या गेल्या. ज्यांच्यानंतर लहरी नव्हत्या किंवा फार थोड्या होत्या त्या राहून गेल्या. म्हणजे काय ठेवायचं याची खूण जागेपणीच, त्या थांबण्यात पडते, आणि झोप खूण पडलेलं उचलते.

मास्तर_अमळनेर
हे वाचून मी खुर्चीतून उठलो. आम्ही शाळेत एका तासाची घंटा झाली की दुसऱ्या तासाला पळतो, इतिहास संपला की लगेच गणित, मधे श्वास घ्यायला फट नाही.

वावरातला_वाचक
आणि पोरं जो काही ब्रेक घेतात तो मोबाईलवर. एक प्रकरण संपलं की लगेच रील. म्हणजे थांबणं होतच नाही, नवीन चक्रव्यूह सुरू होतो.

डॉक्टरभाऊ_साक्री
याला माणसांवरचा आधार आहे. २०१२ मध्ये स्कॉटलंडमध्ये मिकेला देवार यांनी साठीच्या पुढच्या लोकांना छोट्या गोष्टी ऐकवल्या. एक गोष्ट ऐकवून दहा मिनिटं अंधाऱ्या खोलीत नुसतं बसवलं, दुसरी ऐकवून लगेच चित्रातला फरक ओळखायचा खेळ दिला. सात दिवसांनीसुद्धा नुसतं बसल्यानंतरची गोष्ट जास्त आठवत होती. लहरी मोजल्या नव्हत्या त्यात, पण दिशा तीच आहे.

आबा_शिरपूर
मला एक मुद्दा सुचतो, बरोबर आहे का बघा. तुम्ही सगळे असं बोलताय की बाहेरून माहिती येते आणि मेंदू ती लिहून घेतो. बुझाकींचं म्हणणं मी जे वाचलं ते याच्या उलटं आहे. मेंदू कोरा नसतोच. त्याच्या स्वतःच्या लयी, पेशींच्या जुळलेल्या साखळ्या आधीपासून चालूच असतात, आणि नवा अनुभव त्यातल्या एखाद्या साखळीला जाऊन चिकटतो. माझी आई कानबाईच्या रोटाला गाणी म्हणायची, चाल पिढ्यान्‌पिढ्यांची, आणि त्या वर्षी घरात जे झालं, नवी सून आली, बैल गेला, ते त्या चालीत बसवायची. चाल आधी, शब्द मागून. म्हणून तिला दोनशे ओळी पाठ असायच्या आणि अक्षर एक येत नव्हतं.

न्यूरोवाली
आबा, तुम्ही फार नेमकं सांगितलंत. त्यांचं म्हणणं तेच आहे, की अर्थ बाहेरून येत नाही, आपण काहीतरी करतो, हलतो, परिणाम बघतो, तेव्हा आधीच असलेल्या साखळीला अर्थ चिकटतो. पेशींमध्येही समानता नाही, थोड्या पेशी खूप बोलतात आणि बहुतेक क्वचित, त्या थोड्यांचा सांगाडा आधीपासून तयार असतो आणि बाकीच्या अनुभवाने जोडल्या जातात. २०१० मध्ये दिसलं की उंदराची पिल्लं घरट्यातून पहिल्यांदा बाहेर पडतात तेव्हाच त्यांच्यात दिशा ओळखणाऱ्या पेशी मोठ्यांसारख्या तयार असतात. या सांगाड्यातलं किती जन्मजात आणि किती शिकलेलं यावर मात्र शास्त्रज्ञांत जोरात वाद आहे. मी स्वतः मधे कुठेतरी आहे.

तापीकाठ
मग पोरांनी पाठ करण्यापेक्षा करून बघितलं पाहिजे. कलम वाचायचं आणि आपल्याच ग्रामसभेत जाऊन बघायचं कोरम किती लागतो, ठराव कसा होतो. पुस्तक उघडं ठेवून दहा वेळा वाचण्याला माझा कधीपासूनच विरोध आहे.

भुसावळची_गाडी
मी लोको पायलट. रात्रपाळी आयुष्यभर केली. भरतीवाल्या भावाला सांगतो, रात्र महत्त्वाची नाही, सलग झोप महत्त्वाची. दिवसा झोपायचं असेल तर खोली अंधारी करायला लागते, खिडकीला जाड चादर, घरच्यांना सांगून ठेवायचं, फोन दुसऱ्या खोलीत. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो तेव्हा दिवसा कोणाला झोप लागत नाही, त्या दिवसांत माझं सिग्नलकडे लक्ष ठेवायला जास्त कष्ट पडतात. मी तर म्हणेन पहाटेचा अभ्यास बघा. ९:३० ला झोप, ३:३० ला उठ, गावात त्या वेळी आवाज नाही, गारवा असतो.

डॉक्टरभाऊ_साक्री
गाडीभाऊंच्या सल्ल्यात शास्त्र पण आहे. सगळ्यात गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते, आणि या लहरींचं काम मुख्यतः त्याच झोपेत. फक्त साडेतीनला उठायचं तर साडेनवाला खरंच झोपलं पाहिजे, आणि तरुण पोराला सहा तास कमीच पडतात. सातच्या खाली जाऊ नका.

पोऱ्या_भरतीवाला
साडेनऊला झोपून साडेचारला उठलो तर आठपर्यंत सलग तीन तास मिळतात. संध्याकाळी ८ ते ९ चा एक तास वेगळा. रात्रीचे जागून चार तास वाचायचो त्याच्याइतकंच झालं की हे. पण अभ्यासिका पहाटे उघडी पाहिजे, आता तर ९ ला उघडते.

वावरातला_वाचक
भावा, तुझ्या पहिल्या पोस्टनंतर मी नुसता विरोध मांडायचा नाही हे ठरवलं. रविवारी मी असं ठेवतोय: रात्री १० ला बंद, पहाटे ४:३० ला उघडी. मागच्या खोलीत दोन खाटा आणि एक पंखा, ज्याच्या घरी झोपायला जागा नाही किंवा जो रात्रीची लाईन करून आलाय त्याने तिथे झोपायचं, कोणी हसायचं नाही. आणि दर तासानंतर दहा मिनिटं मोबाईलशिवाय ओट्यावर बसायचं, बोलायचं पण नाही. शेवटच्याला पोरं मानतील का माहीत नाही, पण मी स्वतः बसणार त्यांच्यासोबत.

मास्तर_अमळनेर
तिसरा मुद्दा मी उद्यापासून वर्गात करतोय. दहा नाही, तीन मिनिटं तरी.

पाटलीनबाई_यावल
पोरींचं काय? पहाटे साडेचारला पोरीला एकटीला कोण पाठवणार? हेही मीटिंगमध्ये घ्या.

वावरातला_वाचक
घेतो ताई, हे राहिलं होतं. पोरी सगळ्या एकाच गल्लीतल्या आहेत, दूध घालायला त्या वेळी बाया उठलेल्याच असतात, त्यांच्यासोबत येण्याचं विचारतो. नाहीतर पोरींसाठी दुपारी २ ते ६ वेगळी वेळ.

पोऱ्या_भरतीवाला
न्यूरोवाली ताई एक शेवटचं. रविवारी जिनिंगला सुट्टी असते, तेव्हा दुपारी झोपलं तर ते धरतात का? की रात्रीचीच झोप लागते?

न्यूरोवाली
धरतात. २००३ मध्ये सारा मेडनिक यांनी नजरेने बारीक फरक ओळखायच्या कामावर दाखवलं होतं की तास-दीड तासाची दुपारची झोप, जिच्यात गाढ झोप आणि स्वप्नाची झोप दोन्ही आल्या, तिने रात्रभराच्या झोपेइतकी सुधारणा झाली. ते काम पाठांतराचं नव्हतं, त्यामुळे तितकाच फायदा मिळेल असं नाही, पण दुपारची झोप वाया जात नाही. सकाळी अवघड विषय वाच, जेव, तास-दीड तास झोप, उठून पुस्तक न उघडता आठवेल तेवढं कागदावर लिही, मग उघडून ताडून बघ. चारनंतर मात्र झोपू नकोस, रात्रीची झोप लांबेल. आणि भरतीची तारीख आली की इथे कळव.